दुगाडचं धुकं

भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात, वज्रेश्वरीच्या अलीकडे दुगाड आहे. इंग्रज-मराठा युद्धात, डिसेंबर १७८० मध्ये, इथल्या टेकड्यांच्या आधाराने कर्नल जेम्स हार्टलेची छावणी पडली होती. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावहून मागे हटणाऱ्या इंग्रज फौजेची पिछाडी सांभाळणारा हाच तो हार्टले. आता त्याच्यावर राखणीचं काम होतं. पश्चिमेला जनरल गॉडर्डने वसईला वेढा दिला होता आणि पूर्वेकडून घाट उतरून येणाऱ्या मराठ्यांना हार्टलेने मध्येच अडवायचं होतं. मुंबईकर इंग्रजांची तिजोरी आटली होती. कोकणातला भात आणि वसूल हातचा जाऊ द्यायचा नव्हता. अशा ठाण्यात लढाईपेक्षा दाणा, चारा आणि चौक्या यांचीच चिंता मोठी. हार्टलेकडे कामाची माणसं होती जेमतेम दोन हजार.

२८ नोव्हेंबर, निर्णायक पहाटेच्या दोन आठवडे आधी
वसईवर गॉडर्डच्या तोफा सुरू होतात. पुण्याहून नाना फडणवीस किल्ल्याला कुमक पोचवण्यासाठी जोर लावतात. सुमारे वीस हजारांची फौज कोकणात आहे. तिचे सरदार आहेत रामचंद्र गणेश कानडे, १७६९ च्या उत्तरेतल्या मोहिमेचे मुरलेले सेनानी. बरोबर हरिपंत फडके आहेत.

१० डिसेंबर, दोन दिवस आधी
हार्टलेच्या छावणीवर मराठ्यांचे पुढून आणि मागून, दोन्हीकडून हल्ले होतात. घोडदळ पुन्हा पुन्हा येऊन आदळतं. त्याची फळी हलत नाही. इकडे वसईत किल्ला खाली करण्याची बोलणी सुरू झालेली आहेत.

११ डिसेंबर, चोवीस तास आधी
आज मराठ्यांच्या जास्त तोफा चालतात. इंग्रजांची हानी वाढते, अधिकारीही पडतात. आणि याच दिवशी वसई शरण जाते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी अपार रक्त सांडून घेतलेला किल्ला गेला. नवस फेडायला त्यांनीच बांधून घेतलेलं वज्रेश्वरीचं देऊळ या रणभूमीपासून फार लांब नाही.

११ डिसेंबर, संध्याकाळ
माझ्या मते लढाईचा निकाल इथेच लागला. छावणीच्या दोन्ही बगलांना एकेक उंचवटा होता. मराठ्यांचे लोक त्यांची टेहळणी करताना हार्टलेला दिसले. तिथे शत्रूच्या तोफा चढल्या तर छावणी टिकणार नाही, हे त्याने ओळखलं. मार्गशीर्षी पौर्णिमेचा सुमार होता. त्याने रातोरात दोन्ही उंचवट्यांवर आडोशाच्या भिंती उभारल्या आणि प्रत्येकीमागे तोफ चढवली. दोन दिवस लढून थकलेल्या शिपायांकडून त्याने माती-दगड वाहून घेतले. छावणी चालवणं ते हेच.

१२ डिसेंबर, पहाट
दाट धुकं पडलं आहे. हाताशेजारचं माणूस दिसू नये असं. रामचंद्र गणेशांना हवं होतं तसंच. बाकीची फौज समोर गुंतवून ठेवायची आणि आपण निवडक अरब आणि कवायती पायदळ घेऊन उंचवट्यावर चढायचं, असा बेत होता. त्यांच्यासोबत नरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी वसई मराठ्यांनी पोर्तुगीजांकडूनच घेतली होती आणि आता तिच्यासाठी काढलेल्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने एक पोर्तुगीज लढत होता. वीस हजारांच्या सरदाराने पायदळाच्या तुकडीपुढे स्वतः चालावं का, असं आज बसून विचारता येतं. मागे राहून हुकूम धाडणं त्यांच्या पिढीला शोभलं नसतं.

काही क्षण आधी
धुक्याच्या आड मराठ्यांची माणसं उंचवट्यावरच्या मोर्च्याच्या अगदी जवळ आली. चौकीवरच्यांना चाहूल लागत होती, दिसत काहीच नव्हतं. आदल्या रात्री उभारलेल्या भिंतीमागे तोफ सज्ज होती.

धुकं विरलं
एकाएकी विरलं, जसं कोकणातल्या टेकड्यांवर ऊन चढताना विरतं. समोर, टप्प्यात, चढावर उघडी पडलेली माणसं होती. तोफांचा मारा अचूक बसला. रामचंद्र गणेश पडले, नरोन्हा जखमी झाला. सरदार पडल्याची बातमी फौजेत फिरली आणि वीस हजारांनी माघार घेतली. मराठी फौजेचं हे दुखणं जुनंच होतं. तिचा जोर सरदाराच्या पागोट्याशी बांधलेला असायचा. तो कोसळला की मागची माणसं आपापल्या वाटेने जायची. हार्टलेला गोळी लागली असती तर त्याच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी उभा राहिला असता.

रामचंद्र गणेशांची मोहीम वसईसाठी होती. ते पडले तेव्हा सोडवायला वसईच उरली नव्हती.

पुढे गॉडर्ड या यशाच्या भरात बोरघाटाकडे गेला. एप्रिल १७८१ मध्ये हरिपंत, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या माऱ्याखाली त्याला पनवेलला परतावं लागलं. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी वसई मराठ्यांना परत दिली. साष्टी मात्र सोडली नाही.