म्यूअर वुड्स : मुख्य फेरीवाट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात, म्यूअर वुड्स राष्ट्रीय स्मारकाच्या रेडवूड वनातून जाणारी सोपी, सावलीची आणि फिरून मूळ जागी आणून सोडणारी पायवाट. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापासून उत्तरेस सु. १८ किमी. अंतरावर, माउंट टॅमलपाइस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या अरुंद घळीत हे वन आहे. स्मारकाचे क्षेत्र सु. २२५ हेक्टर असून त्यांपैकी सु. ९७ हेक्टरांवर कुऱ्हाडीतून वाचलेले जुने रेडवूड उभे आहेत.

मार्ग : घळीच्या तळातून रेडवूड क्रीक हा ओढा वाहतो. वाट त्याच्या एका काठाने आत जाते, पूल ओलांडते आणि दुसऱ्या काठाने परतते. ओढ्यावर ओळीने चार पूल आहेत. कोणत्या पुलावरून वळायचे यावर फेरीची लांबी ठरते. दुसऱ्या पुलावरून वळल्यास सु. अर्धा तास, तिसऱ्यावरून एक तास आणि चौथ्यावरून दीड तास लागतो. चौथ्या पुलावरून परतणारे ‘हिलसाइड ट्रेल’ ही उताराच्या कडेने जाणारी मातीची वाट धरतात. थोडाफार चढउतार काय तो तिच्यावर. बाकीची वाट जवळजवळ सपाट, काही ठिकाणी पक्की, तर काही ठिकाणी लाकडी फळ्यांची आहे. त्यामुळे बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊनही वनात बरेच आतपर्यंत जाता येते. फळ्या जमिनीपासून उचलून बसवण्यामागे कारण आहे. रेडवूडसारख्या उंच झाडाची मुळे जेमतेम ३ ते ४ मी. खोल जातात, मात्र आडवी दूरवर पसरतात. पायांखाली माती दबली की त्यांना पाणी व हवा मिळेनाशी होते.

सावली आणि वनस्पती : येथील मुख्य वृक्ष किनारी रेडवूड (सेक्वोया सेंपरवायरन्स) हा आहे. ही जगातील सर्वांत उंच वाढणारी वृक्षजाती होय. म्यूअर वुड्समधील सर्वांत उंच झाड सु. ७९ मी. आहे. बहुतेक मोठी झाडे ६०० ते ८०० वर्षांची, तर काही १,००० वर्षांहून जुनी आहेत. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा असतो. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळ्याची तूट पॅसिफिक महासागरावरून येणारे धुके भरून काढते. पानांवर साचलेले धुके थेंबाथेंबाने मुळांशी गळते आणि काही पाणी पानेच शोषून घेतात. जाड, टॅनिनयुक्त सालीमुळे ही झाडे आग व किडीला सहज बळी पडत नाहीत. खोड जळाले किंवा पडले, तरी बुंध्यापासून नवे कोंब फुटतात; म्हणून अनेक ठिकाणी झाडे गोलाकार पुंजक्यांनी उभी दिसतात.

जमिनीपर्यंत ऊन फार थोडे पोचते. त्यामुळे तळाशी नेचे आणि रेडवूड सॉरेल यांचेच राज्य आहे. सॉरेल ही आपल्याकडील आंबुशीच्या कुळातली वनस्पती. तिच्यावर थेट ऊन पडले की ती पाने मिटून घेते. केळीच्या रंगाची, शंख नसलेली ‘बनाना स्लग’ ही गोगलगाय दमट दिवसांत वाटेच्या कडेला दिसते. हिवाळी पावसानंतर कोहो सामन मासे समुद्रातून ओढ्यात चढून अंडी घालतात. १९३०च्या दशकात काठ धुपू नये म्हणून ओढ्याला दगडी बांध घातले गेले. पण त्यामुळे प्रवाहाचा वेग वाढला आणि पिल्लांना थारा देणारे डोह नाहीसे झाले. २०१९पासून ते दगड काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

इतिहास : हा मूळचा कोस्ट मिवोक लोकांचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बहुतेक रेडवूड वने लाकडासाठी तोडली गेली. ही घळ दुर्गम असल्याने वाचली. १९०५मध्ये विल्यम केंट व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी येथील सु. २४७ हेक्टर जमीन ४५,००० डॉलरांना विकत घेतली. दोन वर्षांनी एका पाणीपुरवठा कंपनीने ओढ्यावर धरण बांधण्यासाठी जमीन सक्तीने संपादन करण्याची कारवाई सुरू केली. तेव्हा केंट यांनी सु. ११९ हेक्टर वन केंद्र सरकारला देऊन टाकले. ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. खासगी व्यक्तीने दिलेल्या जमिनीवर झालेले हे पहिले राष्ट्रीय स्मारक. केंट यांच्या इच्छेनुसार त्याला निसर्गसंरक्षक जॉन म्यूअर (१८३८–१९१४) यांचे नाव देण्यात आले. पुढे अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य झाल्यावर केंट यांनी १९१३मध्ये ‘हेच हेची’ नावाच्या खोऱ्यातील धरणाला पाठिंबा दिला. म्यूअर त्याच धरणाचे कट्टर विरोधक होते. आशियाई स्थलांतरितांविरुद्धच्या राजकारणातही केंट आघाडीवर होते.

संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या प्रतिनिधींनी १९ मे १९४५ रोजी या वाटेवरील ‘कॅथीड्रल ग्रोव्ह’मध्ये दिवंगत राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांना श्रद्धांजली वाहिली. त्याचा स्मृतिफलक तेथे आहे. या भागात शांतता पाळणे अपेक्षित असते.

व्यवस्था : १९०७पासून डोंगरावरील रेल्वेची एक शाखा पर्यटकांना वनापर्यंत आणत असे. १९३७मध्ये गोल्डन गेट पूल खुला झाल्यावर मोटारींची वर्दळ वाढली. गर्दी आवरण्यासाठी जानेवारी २०१८पासून वाहनतळाची किंवा शटल बसची जागा आधी आरक्षित करणे बंधनकारक आहे. वनात पाळीव प्राणी व सायकली नेता येत नाहीत. भर उन्हाळ्यातही घळीत गारवा असतो, म्हणून अंगावर स्वेटर असावा. मोबाइलला येथे रेंज मिळत नाही. आरक्षणाची पावती आणि नकाशा निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावा.