श्वासाची आज्ञा आणि विद्यार्थ्यांचे हात

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला पोलिओच्या साथीने ग्रासले. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत दगावले. शरीराला पेटीत बंदिस्त करून श्वास घडवणारे 'आयर्न लंग' तेथे एकच होते.

हृदय आपली लय स्वतः राखते. श्वसनाच्या स्नायूंना ती मुभा नाही. प्रत्येक श्वासाची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून सुटते आणि मज्जारज्जूतून, मानेतल्या नसांवाटे श्वासपटलापर्यंत पोहोचते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच फ्रेंच वैद्य लगाल्वा यांनी सशांवरील प्रयोगांतून या उगमाची जागा शोधली होती. पोलिओचा विषाणू स्नायूंकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशीच मारतो. आज्ञा सुटली तरी स्नायूंपर्यंत पोहोचत नाही.

डॉक्टरांना मात्र वेगळेच कोडे पडले होते. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे. हा रक्तातील अल्कलीचा विकार असावा, असा समज होता. विषाणूने मेंदूच पोखरला, मग उपाय काय, अशी हताशाही होती. रुग्णालयाने सल्ल्यासाठी बोलावलेले भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी निदान उलटवले: रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला आहे, रुग्ण गुदमरून मरत आहेत. शस्त्रक्रियेत औषधाने स्नायू शिथिल करून हाताने श्वास पुरवणे हा भूलतज्ज्ञांचा नित्याचाच व्यवहार. तो शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्याचे मात्र तिथे कोणाला सुचले नव्हते.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्यात आली. ती इतकी तडफडत होती की हवा आत जाईना. इब्सेन यांनी तिला भूल दिली, धडपड थांबली आणि रबरी पिशवी दाबताच छाती फुलू लागली. ती वाचली.

आता हवे होते हात. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने, तासन्‌तास, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. लंबमज्जेचे काम विशी-बाविशीतील मुलामुलींच्या बोटांवर आले! मृत्युदर सुमारे ८७ टक्क्यांवरून निम्म्याहून खाली आला. इतिहासात इब्सेन यांचे नाव राहिले, ते योग्यच. या मुलामुलींची नावे मात्र क्वचितच कोणी घेते.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच कम्युनेहॉस्पिटलमध्ये अशा रुग्णांसाठी कायमचा कक्ष उघडला. अतिदक्षता विभागाचा आरंभ सहसा तेथूनच धरला जातो.