ठासणीची बंदूक म्हणजे काय? नाव कुठून आलं आणि आज त्याचा अर्थ काय

कोकणातल्या शिकारीच्या बातम्यांत ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द हमखास येतो. बरेच जण त्याचा अर्थ ‘गावठी, बेकायदा बंदूक’ असा घेतात. खरं तर हा शब्द फक्त बंदूक भरायची पद्धत सांगतो.

ती भरतात कशी?

या बंदुकीत सगळं नळीच्या तोंडातून जातं. आधी दारू, मग छर्रे किंवा गोळी. ते गजाने ठासून घट्ट बसवायचं, म्हणून ‘ठासणीची’. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सरावलेला सैनिकही मिनिटाला साधारण तीनच बार काढायचा.

तोडा, चकमक, टोपी

भरायची पद्धत शेकडो वर्षं तीच राहिली, बदलली ती पेटवायची. ‘तोड्याच्या बंदुकी’त जळती वात दारूला लागायची. पुढे गारगोटीची ठिणगी आली. 1807 मध्ये फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं आणि त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी आली. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि बार उडतो.

1857 चं काडतूस

ज्या काडतुसावरून 1857 मध्ये भडका उडाला, ते ठासणीच्याच एनफिल्ड रायफलचं होतं. कागदी पुडी दातांनी फाडून दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. गोळी सहज आत सरकावी म्हणून कागदाला चरबी लावलेली असायची. 1860 च्या दशकात मागून भरायच्या रायफली आल्या आणि सैन्यातून ठासणी मागे पडली. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, म्हणजे याच बदलाच्या काळातला.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे ती परवान्याची असू शकते. परवाना नसेल तर मात्र गुन्हा. आणि पिकासाठी परवाना मिळाला म्हणजे वन्यप्राण्यांच्या शिकारीची परवानगी मिळाली, असं नाही.

धोका कुठे आहे?

काडतुसाची बंदूक उघडून काडतूस काढता येतं. ठासलेली दारू अशी सहज निघत नाही, आणि बंदूक भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून कळतही नाही. त्यामुळे घराच्या कोपऱ्यात आजोबांच्या काळातली अशी बंदूक दिसली, तर ती भरलेलीच आहे असं समजा. हात लावू नका, पोलीस ठाण्याला कळवा.