रिपोर्टमध्ये नसलेला रकाना

गेल्या महिन्यात बंगळूरहून भाचीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक रिपोर्ट पाठवला. "मावशी, एलएच आणि एफएसएच दोन्ही नॉर्मल आलेत. म्हणजे मला पीसीओएस नाही ना?" तिची पाळी चार-चार महिने येत नव्हती, हनुवटीवर राठ केस उगवत होते. आधीच्या डॉक्टरांनी "लग्न झाल्यावर बघू" असं सांगून गोळ्या दिल्या होत्या. आता आकडे चांगले आल्यामुळे घरचे निर्धास्त झाले होते.

मी इतिहासाची अभ्यासक, डॉक्टर नाही. पण त्या कागदावरच्या प्रत्येक आकड्याला इतिहास आहे. आज तोच सांगते.

१७२१ साली इटलीतल्या आंतोनिओ वालिस्नेरी यांनी एका तरुण शेतकरी स्त्रीबद्दल लिहून ठेवलं आहे. विवाहित, थोडी स्थूल, मूल नाही. तिची अंडाशयं मोठी, उंचसखल, पांढुरकी, कबुतराच्या अंड्यांसारखी. पुढची दोनशे वर्षं हा आजार असाच डोळ्यांनी पाहिला गेला.

१९३५ साली शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी शस्त्रक्रिया करून प्रत्येकीच्या दोन्ही अंडाशयांचा मोठा भाग पाचरीसारखा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. त्यावरून वैद्यकानं धडा घेतला की रोग अंडाशयात आहे आणि प्रश्न मूल होण्याचा आहे. "लग्न झाल्यावर बघू" या वाक्याचं मूळ मला इथं दिसतं.

खरं तर वेगळी खूण त्याआधीच मिळाली होती. १९२१ साली पॅरिसमध्ये आशार आणि तिएर यांनी 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' नोंदवला होता. चेहऱ्यावरचे केस आणि रक्तातली साखर यांचा काही संबंध असावा, हे त्यात होतं. पण ती नोंद वेगळ्याच कप्प्यात पडून राहिली.

मग मोजमाप आलं. १९५८ मध्ये बॉस्टनच्या जॅनेट मॅकार्थर आणि सहकाऱ्यांना अशा स्त्रियांच्या लघवीत एलएच वाढलेलं आढळलं. त्या काळी लघवीचा अर्क प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचून हार्मोन मोजावं लागे. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन आणि प्रतिपिंडं वापरून रक्तातलं अतिसूक्ष्म हार्मोन मोजायची रीत काढली. १९७७ साली यॅलोंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते.

ही रीत एलएचला लागू झाली आणि १९७० नंतर एलएच-एफएसएचचं गुणोत्तर लोकप्रिय झालं. दोन-तीन पट आलं की पीसीओएस! पण एलएच रक्तात संथपणे वाहत नाही, झटक्याझटक्यानं सुटतं. सुई कोणत्या क्षणी टोचली, यावरही आकडा बदलतो. वजन जास्त असेल तर तो कमीही दिसू शकतो. म्हणून गुणोत्तर नॉर्मल आलं, तरी आजार नाही असं ठरत नाही.

गंमत बघा. यॅलो-बर्सन यांनी ती रीत मुळात इन्सुलिन मोजण्यासाठी काढली होती. तरी इन्सुलिनचा या आजाराशी असलेला संबंध ठळकपणे मांडला गेला तो १९८० साली, मेम्फिसमध्ये. बर्गन, गिव्हन्स आणि किताबची यांना दिसलं की या स्त्रियांत इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन सोबत वाढतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त बनवतं. ते जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला भाग पाडतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही घटवतं. १९८९ मध्ये आंद्रिया डुनाइफ यांच्या गटानं दाखवलं की सडपातळ स्त्रियांतही हे घडतं. आजार फक्त अंडाशयाचा राहिला नाही, सगळ्या शरीराचा झाला.

२००३ साली रॉटरडॅममध्ये तीन निकष ठरले: अनियमित बीजनिर्मिती, पुरुषी हार्मोनची वाढ, सोनोग्राफीतली अंडाशयं. इतर कारणं वगळून तिन्हींपैकी कोणतेही दोन पुरतात. त्यात एलएच-एफएसएचचं गुणोत्तर नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी रक्तातलं एएमएच चालेल असं म्हटलं. वजन कितीही असो, साखर तपासा, असंही सांगितलं.

भाचीच्या रिपोर्टमध्ये साखरेचा रकानाच नव्हता. आणि तिची आजी, म्हणजे माझी आई, मधुमेहानं दृष्टी गमावून बसली होती.

मी तिला एवढंच म्हटलं, "हार्मोनतज्ज्ञांना भेट, आणि आजीबद्दल सांग." त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजली. १५८ आली. १४० च्या वर, २०० च्या खाली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. वय चोवीस. घरात लग्नाची चर्चा थांबली आणि संध्याकाळच्या फिरण्याची सुरू झाली.

तुमच्या घरातल्या मुलीच्या हातात असा कागद असेल, तर त्यावर काय आहे ते वाचाच. काय नाही, तेही डॉक्टरांना विचारा. भेटू पुढच्या भागात.