कॅमेरा चालू, रेकॉर्डर चालू, बिगफूट गायब

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना घेतलेले चहाचे ब्रेक आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं काढून टाकलंय.)

आजचा विषय आहे बिगफूट. उत्तर अमेरिकेच्या जंगलात राहतो म्हणे, सात-आठ फूट उंच, अंगभर केस, दोन पायांवर चालणारा. पण तो आहे की नाही यावर मी एपिसोड करत नाहीये. मला रस आहे तो त्याला शोधणाऱ्या माणसांत आणि त्यांच्या यंत्रांत. साठ-पासष्ट वर्षं माणसं कॅमेरे, टेपरेकॉर्डर, सापळे घेऊन जंगलात बसली. त्यांच्या हाती काय लागलं?

त्याआधी माझा एक किस्सा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आजोळी होतो, कोकणात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ऑडिओ फिरायला लागला. रात्रीची वेळ, रातकिडे, आणि मध्येच घोगरा, भुंकल्यासारखा पण कुत्र्याचा नसलेला आवाज. पुन्हा पुन्हा. गावातल्याच एका बारावीतल्या पोराने रेकॉर्ड केला होता. दोन दिवसांत संध्याकाळनंतर त्या वाटेने कुणी जाईना. मामा म्हणाला, "तू इंजिनिअर ना, बघ जरा काय ते." मी लॅपटॉप काढला, पायथॉनमध्ये स्पेक्ट्रोग्राम काढला. बघतो तर प्रत्येक आवाज जवळजवळ सारखा, आणि दोन आवाजांमधलं अंतरही सारखं. मी ग्रुपवर लिहून मोकळा झालो: कॉपी-पेस्ट केलेलं आहे, फेक आहे.

तिसऱ्या दिवशी मावशीआजीने तो ऑडिओ पहिल्यांदा ऐकला. दहा सेकंदांत म्हणाली, "अरे, भेकर आहे ते! घाबरलं की असंच ओरडत राहतं."

भेकर म्हणजे छोटं हरीण. ते एकाच लयीत कितीतरी वेळ भुंकतं. पोराने खोटं काहीच केलं नव्हतं. त्याने जे ऐकलं ते टेपलं होतं, आणि मी त्याला सगळ्या गावासमोर लबाड ठरवलं होतं. मी सॉरी म्हणालो, पण अजून तो माझ्याशी धड बोलत नाही. आजचा एपिसोड करताना तो पोरगा सतत डोक्यात होता.

तर, चला कॅलिफोर्नियात.

१९५८ चा ऑगस्ट. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीक भागात जंगलातून रस्ता काढायचं काम चालू होतं. जेरी क्रू नावाच्या बुलडोझर ड्रायव्हरला आपल्या मशीनभोवती माणसासारखे पण सोळा इंच लांबीचे पायाचे ठसे दिसले. पुन्हा दिसले तेव्हा त्याने प्लास्टरचा साचा घेतला. ऑक्टोबरमध्ये 'हम्बोल्ट टाइम्स' या स्थानिक पेपरने तो साचा हातात धरलेल्या क्रूचा फोटो पहिल्या पानावर छापला. कामगार या अज्ञात पाहुण्याला 'बिग फूट' म्हणत होते, तेच नाव देशभर झालं.

तो रस्ता बांधणारा काँट्रॅक्टर होता रे वॉलेस. २००२ मध्ये तो वारला आणि त्याच्या घरच्यांनी लाकडात कोरलेली मोठी पावलं बाहेर काढून दाखवली. बाबांचा चेष्टेचा उद्योग होता म्हणाले. सगळे ठसे त्याचेच होते का, यावर बिगफूटवाले अजून वाद घालतात. पण ४४ वर्षं एक गंमत पोटात ठेवणं, याला काय म्हणावं!

कल्पना मात्र १९५८ च्या कितीतरी आधीची आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात हॅल्कोमेलेम भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवाशांकडे 'सास्क्वेट्स'च्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या आहेत. १९२० च्या दशकात जे. डब्ल्यू. बर्न्स नावाच्या शिक्षकाने त्या ऐकून इंग्रजीत लिहिल्या आणि 'सॅस्क्वॉच' हा शब्द रूढ केला. त्या लोकांसाठी सॅस्क्वॉच हा जमिनीची काळजी घेणारा, साधारण आपल्या कोकणातल्या राखणदारासारखा. राखणदाराला आपण नारळ देतो, त्याच्या वाटेवर कॅमेरा लावून बसत नाही. 'पुरावा आणा' हा खेळ बाहेरच्यांनी सुरू केला आणि हसं मात्र या गोष्टींचं झालं. मला हे खटकतं.

आता सगळ्यांनी पाहिलेला तो व्हिडिओ. २० ऑक्टोबर १९६७. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा भागातले रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन घोड्यांवरून त्याच ब्लफ क्रीकला गेले होते. पॅटरसनने वर्षभरापूर्वीच या विषयावर पुस्तक काढलं होतं आणि आता त्याला फिल्म करायची होती. कॅमेरा भाड्याचा, १६ मिलिमीटरचा कोडॅक. तो वेळेत परत न केल्यामुळे त्याच्यावर अटक वॉरंटही निघालं होतं! तर त्या दुपारी ओढ्याकाठी एक केसाळ आकृती चालत जाते, मध्येच वळून कॅमेऱ्याकडे बघते, आणि झाडीत जाते. ती वळून बघण्याची फ्रेम, क्रमांक ३५२, म्हणजे आजवरच्या सगळ्या बिगफूट टी-शर्टची आई.

आता यातली इंजिनिअरिंगची गोम ऐका. फिल्मवर आकृतीच्या साधारण ९५० फ्रेम्स आहेत. पण कॅमेऱ्याचा वेग काय होता? त्यावर १६, २४ असे वेग निवडायची चकती होती आणि ती त्या दिवशी कशावर होती हे पॅटरसनला खात्रीने सांगता आलं नाही. १६ फ्रेम्स प्रति सेकंद धरलं तर तो शॉट जवळजवळ एक मिनिटाचा होतो. २४ धरलं तर ४० सेकंदांचा. चाल बदलते, वेग बदलतो, मग पाय किती जड, ढांग किती लांब, सगळं बदलतं. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डी. डब्ल्यू. ग्रीव्ह यांनी १९७१ मध्ये या चालीचं विश्लेषण केलं. निष्कर्ष असा की २४ असेल तर ही चाल माणसाची असू शकते. १६ किंवा १८ असेल तर माणसासारखी वाटत नाही. म्हणजे ५० वर्षांच्या भांडणाची किल्ली एका चकतीच्या आकड्यात आहे, आणि तो आकडा कुणी लिहून ठेवला नाही. लॉगमध्ये टाइमस्टॅम्प नसलेला बग ज्याने शोधलाय त्याला हे दुःख कळेल.

२००४ मध्ये आलेल्या एका पुस्तकात याकिमा भागातल्याच बॉब हायरोनिमस नावाच्या माणसाने सांगितलं, तो सूट घालून मीच चाललो होतो. गिमलिनने ते कायम नाकारलं. पॅटरसन १९७२ मध्येच कॅन्सरने गेला होता, शेवटपर्यंत फिल्म खरी आहे म्हणत. माझं मत विचाराल तर मला तो सूट वाटतो. पण गिमलिनला मी लबाड म्हणणार नाही. एकदा म्हणून बघितलंय, पुरे.

आवाजांची गोष्ट याहून मजेदार. १९७१ पासून सिएरा नेवाडा पर्वतात, आठ हजार फुटांहून उंच असलेल्या एका शिकारी कॅम्पवर काही लोकांना रात्री विचित्र आवाज यायचे. गुरगुर, शिट्ट्या, लाकडावर ठोकल्याचे आवाज, आणि भरभर बोलल्यासारखं काहीतरी. त्यांच्यातल्या रॉन मोरहेडने ते कॅसेटवर टेपले. १९७२ मध्ये ॲल बेरी नावाचा पत्रकार तिथे गेला तो ही लबाडी पकडायला. पकडता आली नाही, उलट त्याच्याच टेपवर आवाज आले. कॅम्पच्या बाहेर मायक्रोफोन लटकवून, आत श्वास रोखून बसलेली माणसं. डोळ्यांसमोर आणा जरा.

या टेप्स पुढे वायोमिंग विद्यापीठातले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आर. लिन किर्लिन यांच्याकडे गेल्या. आवाजातल्या फ्रिक्वेन्सींवरून घसा ते ओठ ही नळी किती लांब असेल याचा अंदाज काढता येतो. बासरी लांब तर सूर खालचा, तसंच. १९७८ मध्ये त्यांनी मांडलं की टेपचा वेग बदलून छेडछाड केल्याची चिन्हं दिसत नाहीत आणि आवाज काढणाऱ्याची नळी सर्वसाधारण माणसापेक्षा लांब असावी. बिगफूटवाल्यांनी हा कागद अक्षरशः डोक्यावर घेतला. पण गणित काय सांगतं? आवाजाचा अमुक गुणधर्म. तो कुणी काढला हे नाही सांगत. माझ्या स्पेक्ट्रोग्रामनेसुद्धा आकडे बरोबरच दिले होते. चूक मी पुढे जी उडी मारली त्यात होती. आणि इतक्या वर्षांत त्या आवाजांच्या जोडीला एकही स्पष्ट फोटो आला नाही.

मधला काळ भराभर सांगतो. १९७६ मध्ये पीटर बर्न या शोधकाने त्वचेला चिकटलेले १५ केस थेट एफबीआयकडे पाठवले. त्यांनी खरंच तपासले! फेब्रुवारी १९७७ मध्ये निकाल: हरणाच्या कुळातले. ती फाइल २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी जगभरातून आलेल्या 'अज्ञात' केसांचे डीएनए तपासले. निघाले अस्वल, घोडा, गाय, लांडगा किंवा कुत्रा, आणि एक चक्क माणूस. 'फाइंडिंग बिगफूट' हा टीव्ही शो २०११ ते २०१८ चालला. नावात 'फाइंडिंग' आहे, हातात काहीच नाही.

आणि आता आजची यंत्रं. प्राण्याने स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रात्री फ्लॅश लावून, तारेचा सापळा करून हरणांचे फोटो काढले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात कुमाऊँच्या जंगलात वाघांच्या पायवाटेवर तार लावून वाघांकडूनच वाघांचे फोटो काढून घेतले. आजच्या ट्रेल कॅमेऱ्यात तारेऐवजी इन्फ्रारेड सेन्सर असतो. समोरून आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की क्लिक. म्हणून वाऱ्याने हलणारं तापलेलं गवतही शेकडो फोटो काढवतं, आणि तुम्ही रविवारभर एसडी कार्डातलं गवत बघत बसता.

बिगफूट शोधणारे हे कॅमेरे शेकड्यांनी लावतात. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात अशाच एका कॅमेऱ्यात लांब हातापायांचा, वाकलेला प्राणी आला आणि इंटरनेट पेटलं. राज्याच्या वन्यजीव खात्याने सांगितलं, खरजेने केस गेलेलं अस्वल आहे. बिगफूटवाल्यांचं नेहमीचं उत्तर असं की तो हुशार आहे, कॅमेरा ओळखतो. हे अगदीच हसण्यावारी नेऊ नका. कायोटीसुद्धा आपल्या हद्दीतल्या अनोळखी वस्तू टाळतात.

पण मग ही गोष्ट ऐका. २००८ चा फेब्रुवारी, तोच सिएरा नेवाडा पर्वत. ओरेगन स्टेट विद्यापीठाची एक विद्यार्थिनी मार्टेन या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या अभ्यासासाठी कॅमेरे लावून बसली होती. एका फोटोत आला वुल्व्हरीन. कॅलिफोर्नियातून हा प्राणी १९२० च्या दशकातच संपला असं सगळे धरून चालले होते. लगेच टीम गेली, केस आणि विष्ठा मिळाली, डीएनए झाला, आणि कळलं की हा नर पार रॉकी पर्वताच्या बाजूने आलाय. एवढ्या मोठ्या पर्वतात एकच प्राणी, कुणी त्याला शोधतही नव्हतं, तरी सापडला. बिगफूट तर एकटा असून चालणार नाही. १९५८ पासून आजपर्यंत टिकायचं तर नर, माद्या, पिल्लं, मेलेल्यांची हाडं, सगळं हवं.

कानांचंही तसंच. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्नियाच्या ज्या जुन्या जंगलांत बिगफूट राहतो म्हणतात, तिथेच अमेरिकी वन खात्याच्या संशोधकांनी ठिपकेदार घुबडासाठी हजारो रेकॉर्डर झाडांना बांधलेत. लाखो तासांचा ऑडिओ जमतो आणि न्यूरल नेटवर्क त्यातून घुबडं, इतर पक्षी, प्राणी वेगळे काढतं. आता माझ्यातला इंजिनिअर कुरकुरतो: ज्या आवाजाचा क्लास शिकवलाच नाही, तो मॉडेल 'इतर'मध्ये ढकलणार. बरोबर आहे. पण तो ऑडिओ तिथे आहे, आणि ऐकायला हपापलेली माणसंही आहेत.

मग लोक बघतात काय? २०२४ मध्ये 'जर्नल ऑफ झूलॉजी'त एक अभ्यास आला. माणसांची संख्या आणि जंगलाचं क्षेत्र जमेला धरूनही, जिथे काळी अस्वलं जास्त तिथे बिगफूट दिसल्याच्या नोंदी जास्त. काळं अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, संध्याकाळचा उजेड, पन्नास फुटांचं अंतर. त्या माणसाने जे पाहिलं ते खरंच पाहिलं. मावशीआजी शेजारी नव्हती एवढंच.

जाता जाता माझी सगळ्यात आवडती जागा. दक्षिण ओरेगनमध्ये ॲपलगेट तलावाजवळ १९७४ मध्ये एका हौशी गटाने बिगफूट पकडायचा खराखुरा पिंजरा बांधला. दहा बाय दहा फूट, जाड फळ्या, लोखंडी पट्ट्या, टेलिफोनच्या खांबांचा आधार, वरून पडणारा दरवाजा, आत आमिष. काही वर्षं तो चालवला. त्यात अस्वलं अडकली, सोडून द्यावी लागली. मग लोक कंटाळले आणि पिंजरा झाडीत पडून राहिला. २००६ मध्ये वन खात्याने त्याची डागडुजी केली. आता ट्रेकला येणारे लोक आत जाऊन सेल्फी काढतात. दरवाजा वरच्या वर पक्का करून ठेवलाय, चुकून कुणी आत अडकू नये म्हणून.