पाच तुकडे आणि पाटणचा मठ

पहूरवरून अजिंठ्याला जाणारी वाट सर्वांच्या परिचयाची. त्याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ असलेले पाटण मात्र फारसे कोणाच्या वाटेवर नसते. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्यास दान दिले. लेखाच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत असून, त्यांत बाजारातील मालावरचा मठाचा वाटा सांगितला आहे. गणिताच्या अध्ययनाचा भार बाजारपेठेने उचलावा, ही गोष्ट थोडी नव्हे!

तेथे अभ्यासायचे काय? ‘बीजगणिता’तील एक उदाहरण घ्यावे. काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा १५ आणि २०, कर्ण किती?

चौकटीच्या कागदातून असे चार त्रिकोण आणि ५ घरे बाजूचा एक चौरस कापावा. कर्ण बाहेर ठेवून त्रिकोण चौरसाभोवती जुळवले, की मोठा चौरस भरतो. क्षेत्रफळ ६०० अधिक २५, म्हणजे ६२५, कर्ण २५.

आता तेच पाच तुकडे मोडून पुन्हा मांडावे. त्रिकोणांचे दोन आयत करावे: डावीकडे एक उभा, त्याला लागून दुसरा आडवा. लहान चौरस आडव्याच्या डोक्यावर, उभ्याला टेकून बसवावा. डावीकडून २० घरे मोजून उभी रेघ ओढली, की एकीकडे २०चा चौरस, दुसरीकडे १५चा.

आकृतीखाली भास्कराचार्यांनी ‘पाहा’ एवढेच लिहिले, अशी आख्यायिका पाश्चात्त्य पुस्तकांतून फिरते. ‘बीजगणिता’त मात्र आकडेमोडही आहे.