माशाला अभयदान द्यायचं, पण सोडायचं कुठे?



नातवाच्या हट्टापायी घरात काचेची टाकी आली आणि तिच्यात डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न मासा. वास्तूला शुभ म्हणे! आठ दिवसांत त्याने सोबतचा मासा मारून टाकला. नातू रडला, माझ्याही घशाखाली घास उतरेना. पर्युषण तोंडावर आलेलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सिद्धेश्वर तलावात सोडून दे गं, अभयदान घडेल." मला पटलंही होतं. पण सोडण्याआधी याचं मूळ गाव कुठलं ते बघावं म्हणून वाचायला बसले, आणि हिशेब वेगळाच निघाला.

या माशांच्या कुळाला सिक्लिड म्हणतात. बहुतेक सगळे आफ्रिका आणि अमेरिकेतले. भारताचे स्वतःचे फक्त तीन. त्यातला एक म्हणजे कोकण-गोव्याची काळुंदर, केरळात करिमीन. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरांनी 1790 मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली आणि नावात सुरत घातली. हिचे आईबाप दोघे मिळून अंडी राखतात.

आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे तो चिलापीचा, म्हणजे तिलापियाचा. हा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये भारतात आणला. हेतू वाईट नव्हता. गरिबाला स्वस्त अन्न मिळावं, आणि ही तर कुठल्याही डबक्यात आपोआप वाढते. तेच नडलं. नर तळाशी खड्डा करून हद्द आखतो, दुसऱ्याला फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळजवळ उपाशी राहते. (आपल्या उपवासांची आठवण झाली, खोटं कशाला बोलू.) पिल्लं इतकी जपल्यावर संख्या वाढणारच, आणि मग स्थानिक माशांना जागा उरत नाही. 1959 मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली, पण पाण्याला कागद कुठे वाचता येतो? 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. आज त्या जलाशयात चिलापी भरपूर आहे. पुण्याला जाताना भिगवणजवळ मासळीच्या थाळीच्या पाट्या दिसतात, तिथे हीच.

म्हणजे एका तळ्यात सोडलेला परका जीव किती जिवांच्या मुळावर येतो, याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. आणि फ्लॉवरहॉर्नला तर गावच नाही! 1990 च्या दशकात मलेशियात अमेरिकी सिक्लिडांचा संकर करून तो बनवला. जगातली कुठलीच नदी त्याची नाही.

भांडण त्याच्या स्वभावात आहे, पण मरण आपल्या काचेत. तळ्यात हरलेला मासा पळून जातो. तीन फुटी टाकीत जाणार कुठे? अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'बंध' पहिला का, ते मला प्रवचनात नाही, या टाकीसमोर कळलं.

शेवटी मोठी टाकी घेतली आणि त्याला एकट्याला ठेवलं. नवा मासा आणायचा नाही, हे नातवाने कुरकुरत मान्य केलं. खाद्याच्या गोळ्यांत मासळीची पूड असते, तो काटा मात्र मनात आहेच.

जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हा आता कायमचा आपल्याच घरी?"

हो. दहा वर्षंही जगतो म्हणे.